चौथी साखळी

४ मार्च

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मामींचा गुडघा कसा आहे? इकडे कारखान्यात परवा क्रेनवरून एक ओतीव चाक निसटलं. माणसं वाचली, दार गेलं. क्रेनच्या पिंजऱ्यात बसतात म्हणून ज्यांना आम्ही उंचकाका म्हणतो, त्यांनी झटका दिला असं साहेबांचं म्हणणं. काका म्हणतात, झटका नाही, वजनच जास्त होतं. पण तुम्ही करून दिलेल्या वजनाच्या प्रोग्रॅमने 'साडेसात ते नऊ टन' दाखवून हिरवा दिवा लावला होता, आणि मर्यादा दहाची. मीही साहेबांना तेच सांगितलं.

फक्त ओझं ज्या चार साखळ्यांवर टांगतात, त्यांपैकी एकीचा वजनकाटा त्या दिवशी दुरुस्तीला गेला होता. तिथून आकडाच येत नव्हता. अशा वेळी प्रोग्रॅम काय धरतो, ते एकदा उघडून बघाल? काकांची नोकरी त्यावर अडली आहे.

लोभ आहेच, तो मागायचा कशाला!
आपली, चिमी

८ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा मामीसारखाच, कुणाचं ऐकत नाही. अगं, घड्याळं दुरुस्त करता करता मामा आपला आपण कॉम्प्युटर शिकला म्हणून तुझी आई चारचौघांत मिरवते, आणि तू त्याचीच परीक्षा घेतेस? गुरूची विद्या गुरूला!

काटा थोडा इकडेतिकडे होणारच, म्हणून मी वजन एका आकड्यात धरतच नाही. इतक्यापासून इतक्यापर्यंत असं धरतो. खालची टोकं खालच्यांत मिळवायची, वरची वरच्यांत. त्यात खोट निघायची नाही. उघडून पाहिलं, सगळं ठीक आहे. तुझ्या उंचकाकांचं नाचता येईना अंगण वाकडं.

जेवत जा वेळेवर. मामाची आठवण असू दे.
तुझा, मामा

१९ मार्च

चि. चिमीस,
आशीर्वाद. तेवढा अधिकार उरला असेल तर.

तुझं कार्ड मिळालं. माझ्या भरवशावर तू 'प्रोग्रॅम ठीक आहे' अशा कागदावर सही केलीस आणि साहेबांनी उंचकाकांना कामावरून काढलं. जाताना ते तुला म्हणाले, "पोरी, माहीत नव्हतं तर तसं म्हणायचंस." ते वाचल्यापासून मामीच्या नजरेला नजर देववत नाही. चिमे, मी प्रोग्रॅम उघडलाच नव्हता. उघडला म्हणून तुला ठोकून दिलं. भाचीने चूक काढली तर, हा ताठा.

आज उघडला. काट्याकडून आकडा आला नाही की मी ती साखळी बेरजेतून सरळ वगळली आहे, जणू ती नव्हतीच. पण साखळी होती, भार धरून होती. 'माहीत नाही' याला मी 'काहीच नाही' समजलो. माहीत नसेल, तर शून्यापासून ती साखळी पेलेल त्या पाच टनांपर्यंत काहीही असू शकतं. तसं धरलं की बेरीज साडेसात ते चौदा होते. हिरवा दिवा लागतच नाही.

साहेबांना हे सगळं मी वेगळं लिहिलं आहे, खोटं बोललो तेसुद्धा. प्रोग्रॅम सुधारून पाठवतो. उंचकाका मला माफ करतील का गं? तुला जमेल तर तू कर.

मामा

२ एप्रिल

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून साहेब म्हणाले, म्हातारा बाहेरचा माणूस आहे, जाऊ दे. मी म्हटलं, सही बाहेरची नाही, माझी आहे. मग काकांना परत बोलावलं.

आज पुन्हा एक काटा बंद पडला. तुमच्या नव्या प्रोग्रॅमने वरचं टोक कुठल्या कुठे नेलं आणि लाल दिवा लावला. सगळं काम थांबलं. उंचकाका खाली उतरून माझ्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मी माफी मागितली, तुमच्या वतीनेही. ते क्रेनकडे बघत राहिले. नवा काटा बसला तसे उठले आणि वर गेले.

तुम्ही विचारलंत, माफ केलं का. माहीत नाही, मामा. याला 'नाही' समजू नका. 'हो'सुद्धा समजू नका. स्वतः या.

माया कमी करू नका, माझी झालेली नाही.
आपली, चिमी