बाबांच्या टेपरेकॉर्डरची चाल

प्रिय ठकू,

हे सारे मी फोनवर सांगितले असते. पण बाबांचा विषय निघाला की तुझ्या दारावर नेमके कोणीतरी येते आणि फोन खाली ठेवला जातो. शिवाय जे सांगायचे आहे ते क्रमाने मांडल्याखेरीज पटण्यासारखे नाही, आणि माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे. म्हणून हे पत्र. अर्ध्यावर बाजूला ठेवू नकोस, एवढीच विनंती.

बाबा माझ्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांच्या पेटीत तो छोटा टेपरेकॉर्डर निघाला. दूरच्या बंदरावर गोदाम सांभाळत असताना ज्यावर बोलून ते आपल्याला कॅसेट पाठवत, तोच. आतला रबरी पट्टा विरघळून गेला होता. मी तो बदलून आणला. दुरुस्ती करणारा म्हणाला, "साहेब, मोटरच मुळात हळू फिरते ह्याची. नवी टाकू?" मी नको म्हटले. घरी आणून गाण्यांची एक कॅसेट लावून पाहिली, तर गायक पेंगल्यासारखा गाऊ लागला. यंत्र निकामी आहे अशी माझी खात्री झाली. मग सहज, आईने जपून ठेवलेल्या बाबांच्या कॅसेटींपैकी एक त्यात घातली.

त्या कॅसेटी आपण कशा ऐकल्या, हे तुला आठवत असेलच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपला मोठा डेक, आई भाजी निवडत बसलेली, आणि त्यातून बाबांचा बारीक, लगबगीचा आवाज. "जेवलात का, अभ्यास करता का, आईला त्रास देऊ नका, बरं ठेवतो" हे सारे एका दमात. तू त्यांची हुबेहूब नक्कल करायचीस आणि मी हसून हसून खुर्चीवरून घसरायचो. आई मात्र हसत नसे. "ह्यांचं तिकडं मजेत चाललंय," म्हणायची. "आपल्यासाठी एवढा वेळ काढतात तेच उपकार." तिच्या बोलण्याला किती धार असे, हे मला फार उशिरा कळले, तुला ते तेव्हाच कळत होते. बाबांनी तिकडचा करार दुसऱ्यांदा वाढवला, त्या दिवसापासून तू त्यांच्यासाठी कॅसेटीत बोलणेच थांबवलेस. पुढे ते परत आले. मुळातच संथ, जड आवाजाचा तो माणूस बैठकीत गप्प बसून राहू लागला, तेव्हा तू मला म्हणालीस, "सगळा आनंद तिकडंच ठेवून आलेले दिसतात तुझे बाबा." तेव्हापासून ते फक्त माझेच बाबा झाले.

ठकू, त्या छोट्या टेपरेकॉर्डरवर त्याच कॅसेटीतला आवाज लगबगीचा नव्हता. "जेवलात का" असे विचारून ते थांबत होते. उत्तर येणार नाही हे ठाऊक असूनही, जणू आपण घास गिळून बोलू, एवढा वेळ थांबत होते. आपल्या डेकवर ती जागा कधी जाणवलीच नाही. "बरं, ठेवतो" म्हटल्यावरही यंत्र बराच वेळ चालू होते, आणि त्यात फक्त श्वास होता.

मी लगेच विश्वास ठेवला नाही. हळू यंत्रावर कोणीही दुःखी वाटेल, ही शंका तुझ्याआधी मीच घेतली. पण एका कॅसेटीत त्यांच्या मागे रेडिओ चालू आहे आणि त्यावर वेळ सांगणारे ठोके पडतात, सेकंदाला एक. आपल्या डेकवर ते ठोके घाईघाईने पडतात. बाबांच्या यंत्रावर ते माझ्या घड्याळाच्या काट्याबरोबर पडले. हळू यंत्रावर भरलेली कॅसेट हळू यंत्रावरच खरी वाजते, आपल्या डेकवर ती धावते. आपल्या डेकवर गाणी व्यवस्थित वाजत, म्हणून बाबांचाच आवाज तिकडे जाऊन बदलला असणार, असे आपण तिघे धरून चाललो. आपण ज्याची नक्कल करत होतो तो माणूस तिथे कधी नव्हताच.

मग उलट बाजू माझ्या लक्षात आली, आणि मी उठून त्यांच्या खोलीत गेलो. आपण भरून पाठवलेल्या कॅसेटी ते याच हळू यंत्रावर ऐकत होते. मी विचारले, "बाबा, आमचे आवाज तुम्हाला कसे वाटायचे?" ते बराच वेळ चादरीची घडी सारखी करत राहिले. मग म्हणाले, "दमलेले. पोरगी तर अशी बोलायची, की कोणीतरी दटावून समोर बसवलंय. वाटायचं, घरात काहीतरी कमी पडतंय आणि ही माणसं मला सांगत नाहीत. म्हणून थांबलो तिकडं अजून थोडं." तू टुणटुण उड्या मारत, वर्गातली कविता म्हणून दाखवलीस त्या कॅसेटीबद्दल ते बोलत होते. मी त्यांना यंत्राचे सांगितले. ते म्हणाले, "असं होय," आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

आता मुद्द्याचे. बाबांच्या घशात जे निघाले आहे, त्यासाठी येत्या बुधवारी स्वरयंत्र काढावे लागणार आहे. त्यानंतर ते पाटीवर लिहितील, खुणा करतील, बोलणार नाहीत. त्यांनी तुला बोलावलेले नाही, बोलावणारही नाहीत. पण काल दुपारी त्यांनी माझ्याकडून कोरी कॅसेट मागून घेतली. मी दाराबाहेर उभा होतो. बटण दाबून ते बसून राहिले, "ठकू" एवढेच म्हणाले, आणि बंद करून मला हाक मारली. "राहू दे," म्हणाले. "तिच्याकडं कसं ऐकू जाईल, कोणास ठाऊक." ती कॅसेट मी तुला पाठवत नाही. मंगळवारच्या आत तू स्वतः ये आणि त्यांच्या पलंगाशेजारी बस. ते फार हळू बोलतात आणि मध्येच थांबतात; तेवढे थांबशील, असे मी धरून चालतो.

तुझाच,
दादा