तपासणीच्या रात्री झोपायचं असतं

चेन्नई, ५ जुलै

ती. स्व. ताईस,

विद्याधरचा साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसून घातलाय, भाव तेवढा समजून घे). तुझे गुडघे कसे आहेत? भावजींनी साखर सोडली, की फक्त चहातली सोडली? आम्ही मजेत.

तर माझं हृदय. दिवसा ते शहाण्यासारखं चालतं, रात्री मात्र मध्येच एक ठोका गाळतं आणि पुढचे दोन घाईघाईने उरकतं. छातीला चोवीस तास यंत्र बांधलं तेव्हा हे उघडकीस आलं. डॉक्टर श्रीवत्स म्हणाले, झोपेचे टप्पे असतात. गाढ झोपेत हृदय बहुधा संथ चालतं, स्वप्नांच्या झोपेत श्वास आणि ठोके वरखाली होतात. तुमचा गोंधळ कुठल्या टप्प्यात होतो ते बघू, मग औषध ठरवू. त्यासाठी एक रात्र त्यांच्याकडे जाऊन झोपायचं. (झोपायलासुद्धा अपॉइंटमेंट, बघ!)

गेलो. रंजनी नावाच्या तिथल्या तंत्रज्ञ मुलीने डोक्यापासून पायापर्यंत वीसेक वायरी चिकटवल्या, "नल्ला तूंगुंग, अंकल" (नीट झोपा) म्हणाली आणि दिवा घालवून पलीकडच्या खोलीत पडद्यावर माझ्याकडे बघत बसली. आता ताई, मी इथल्या आवडी गावातल्या रणगाडा कारखान्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. वरून तपासणी आली की पापणी लवायची नाही, ही सवय. आणि इथे चक्क घोरायचं? शोभतं का? डोळे मिटायला लागले की मी स्वतःला चिमटे काढले. सकाळी रिपोर्ट चोख, एक ठोका चुकलेला नाही! मी मिठाईच्या दुकानाकडे निघणार, तर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. झोपलातच नाही, तर मी तपासू काय? मला न्यायला आलेली तुझी भावजय अलकनंदा घरी पोचेपर्यंत हसत होती. तिने ऑटोवाल्यालाही तमिळमध्ये सगळं साग्रसंगीत सांगितलं.

असो. काळजीचं काही नाही.

तुझा,
विद्याधर

ता. क. : वीस तारखेला पुन्हा बोलावलंय. झोपलो तरच औषध ठरणार.

ता. क. २ : ताई, सवयीचं मी उगीच लिहिलं. भ्यालो होतो गं. बाबा माझ्याच वयाचे असताना झोपेत गेले. डोळे मिटले की तेच मनात यायचं. अलकनंदाला सांगितलं तर तिची झोप उडेल. सोबतीला घरचं एक माणूस चालतं, असं रंजनी म्हणाली. तू शेजारी बसलीस तर मला झोप लागेल. एकोणीसपर्यंत ये, तिकीट काढलंय. तू कांजीवरम घ्यायला येतेयस असं मी घरात सांगून ठेवलंय, तेव्हा आता एक तरी घ्यावीच लागेल, आणि अलकनंदा म्हणते तिलाही एक.