पाळकांचा न वाकणारा अंगठा

एल्मायराजवळून, शनिवार

आदरणीय अनानियासदादा,

धाकट्या चुलतभावाचा, ओसायाचा, नमस्कार. देवाच्या दयेने तू, वहिनी आणि गुरं सुखरूप असाल. (तुझ्या प्रकृतीची मला विशेष काळजी आहे. का, ते शेवटी.)

पाय धुण्याच्या विधीच्या रविवारी सकाळी, धारा काढून झाल्यावर, मी गोठ्यातच बसून पाय साबणाने तीनदा धुतले. (प्रार्थनाघरात दुसऱ्याने धुवायचे पाय सगळेच घरून धुऊन आणतात, नम्रतेलाही मर्यादा आहे.) मग उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, जिथे सांधा झिजून हाडाचं टेंगूळ आलंय, तिथे गाईच्या कासेला लावायचं मलम चोळलं. चार वर्षं हाच उपाय. कारण चार वर्षांपूर्वी पाळक इनोक फ्राय यांनी ‘देहातला काटा मुकाट्याने सोसावा’ यावर दीड तास उपदेश केला, आणि माझा अंगठा नेमका तेव्हाच दुखू लागला होता. मला वाटलं, देव माझ्याशीच बोलतोय. प्रार्थनेत गुडघे टेकून उठताना डोळ्यांत पाणी यायचं. लोक मला फार भाविक समजू लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सांध्याची दोन्ही हाडं पट्टी आणि स्क्रूने जोडून टाकू. दुखणं जाईल, पण अंगठा पुन्हा वाकणार नाही. मी त्यांना काट्याचं सांगितलं. त्यांनी माझी फाइल मिटली.

विधीला मी नेहमी म्हाताऱ्या एडनशेजारी बसतो, कारण त्याला दिसत नाही. पण एडन सर्दीने घरी, आणि जोडीला आले साक्षात पाळक. त्यांनी माझा पाय पाण्यात घेतला, अंगठा दाबला, आणि दादा, त्या शांततेत मी वासरासारखा हंबरलो. बायकांच्या बाजूला माझ्या बायकोने, लोविनाने, मान खाली घातली.

“किती वर्षं?” पाळक कुजबुजले.

“चार.”

“आणि हा वास?”

“कासेचं मलम.”

“अरे, तू गाय आहेस का?”

मग पाळी माझी. त्यांचा मोजा उतरवला, तर अंगठ्यावर बोटभर सरळ व्रण, आणि अंगठा खुंटीसारखा ताठ!

“हे काय, पाळक?”

“पट्टी आणि स्क्रू. तीन हिवाळे झाले.”

“पण काटा सोसायचा ना?”

“काटा म्हणालो होतो मी. हाडाला फुटलेलं शिंग नव्हे.”

“मग आम्हाला सांगितलं का नाही?”

ते कानांपर्यंत लाल झाले. “त्या उपदेशानंतर कुठल्या तोंडाने सांगू, ओसाया?”

त्या हिवाळ्यात ते सहा आठवडे ‘आजारी बहिणीकडे’ होते. आम्ही त्या बहिणीसाठी रोज गुडघे टेकले (मी तर या अंगठ्यावर!). लोविनाने तिच्यासाठी बारा बरण्या सूप धाडलं. बहीण ठणठणीत होती. सूप प्यायले पाळक.

काल मी शस्त्रक्रिया करून घेतली. मेव्हणीच्या घरी आहे, पाय दोन उशांवर.

तुझा,
ओसाया

ता. क. गावात मी सांगितलंय की तू गवताच्या माळ्यावरून पडलास आणि मी तुझ्या गाईंच्या धारा काढायला आलोय. कृपा करून सहा आठवडे बाजारात दिसू नकोस. दिसलासच, तर थोडं लंगड.

दुसरा ता. क., सोमवार. वरचं रद्द. काल साऱ्या मंडळीने तुझ्या कंबरेसाठी गुडघे टेकले, एडनने तर सर्दीतही, असं लोविना सांगत होती. मी ताट बाजूला सारलं. सूप तुझ्याकडे निघालंय, ते मुकाट्याने पी. मी आज सकाळी पाळकांना चिठ्ठी धाडली, की दादा धडधाकट आहे, हाड माझं आहे, आणि हे येत्या रविवारी सर्वांसमोर वाचा. त्यांचा निरोप आला: वाचतो, आणि बहिणीचंही सांगून टाकतो.