माझ्या वाटणीचं भांडण

१४ जुलै, सोमवार. पारोळा

दुपारी आडवा झालो होतो. मंदा देवघरात कानबाईला झापत होती. कानबाई ही आमच्या खानदेशातली देवी; आमच्या घरी म्हणजे एक नारळ. आमच्या पणजोबांच्या वेळचा, वाळून खडखडीत झालेला, चांदीचे डोळे लावलेला. एरवी पत्र्याच्या डब्यात असतो.

"चांदीना डोया कसाले लायात तुले? मना तेजू तुले दिखना नही का?"

पाऊण तास. मग बाहेर येऊन मला म्हणाली, "चहा ठेवू?"

आमच्या मुलाला, तेजसला, जाऊन सप्टेंबरात दोन वर्षं होतील. या दोन वर्षांत त्याच्याबद्दल माझ्याशी एक वाक्य बोललेली नाही. सगळं त्या डब्याशी. तेही अहिराणीत. माझ्याशी शुद्ध मराठी, हेडमास्तरांशी बोलावं तसं.

१७ जुलै

जळतो मी. लिहूनच टाकतो. चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं, देव नाही हे वर्गात, लग्नात, दहाव्याला, सगळीकडे ठणकावून सांगितलं. आणि आता नारळावर जळतोय. काय पण मास्तर!

मी कोणावर चिडू? डेंग्यूच्या डासावर? चिडून पाहिलं. डास ऐकत नाही. मंदाचा देवही ऐकत नाही, पण तिला ते चालतं. भांडून आली की तिला झोप लागते. मला गोळी घेऊनही नाही.

२१ जुलै

सुरतेहून नानाचा फोन. मोठा भाऊ, म्हणून हुकूमच. "यंदा बसाड रे कानबाई. मंदाले सांग." गेल्या श्रावणात तेजसचं वर्ष सरलं नव्हतं म्हणून बसवली नव्हती. मला वाटलं, मंदा साफ नाही म्हणेल. इतक्या शिव्या घालते तिला.

म्हणाली, "बसवायची ना. ती कुठे जाणारे?"

म्हणजे शिव्याही तिलाच, आणि पाटावर बसायचा मानही तिलाच. मी?

२४ जुलै

बाजारात शेजारच्या गल्लीतले आबा भेटले. खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेनं: "मास्तर, तू देवले मानस नही, म्हनीसन हाई व्हयनं."

राग यायला हवा होता. आला नाही. उलट बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला दोष दिला. फक्त आबांचं कारण चुकलं.

खरं कारण लिहितो. ताप शुक्रवारी आला. मंदा म्हणाली, डॉक्टरकडे नेऊ. मी म्हणालो, व्हायरल आहे, पॅरासिटामॉल दे, सोमवारी बघू. सोमवारी गाडी करून धुळ्याला नेलं, तोवर प्लेटलेट

पुरे.

२ ऑगस्ट, शनिवार

उद्या कानबाई. गिरणीवाल्याने रिवाजाप्रमाणे गिरणी धुऊन ठेवल्याचा निरोप आला. मंदा रोटांचे, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांचे, गहू काढायला बसली. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. मी पेपर आडवा धरून बघत होतो.

"नानांची." सुपात मूठ, वर चिमूट.
"राहुलची." नानाचा मुलगा.
"तुमची."

मग हात परत गव्हात गेला. मूठ भरली, सुपात पडली, वर चिमूटही पडली. नाव घेतलं नाही. तोंड नुसतं हललं. मग तशीच बसून राहिली, हात सुपावर.

कानबाईच्या नावाने काढलेलं धान्य परत कोठीत जात नाही. मी म्हणालो, "राहू दे. दळून आणतो."

माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. देवघराकडे पाहून म्हणाली, "पाह्यं का? आते तूच सांग, कोन खाई हाई?"

मी समोर बसलेला. विचारलं तिला!

४ ऑगस्ट, सोमवार

काल नाना, वहिनी, राहुल आले. कानबाई बसली: नथ, हिरवी साडी, गजरा. दोन वर्षांपूर्वीपेक्षा जास्त नटवली मंदाने. वहिनी गाणी म्हणत होती, मंदाही म्हणत होती. मी खुर्च्या उचलल्या. आज नदीवर नेऊन आणली.

गहू दळून मीच आणले होते. रोट झाले, गंगाफळाची भाजी झाली, खीर झाली. चौथ्या वाट्याचा रोट मंदाने फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला. वहिनीला दिसला. तिनं मंदाच्या पाठीवरून हात फिरवला.

६ ऑगस्ट

नानाची मंडळी काल सुरतेला गेली. घरात आम्ही दोघं, आणि तो रोट.

आज विचारलंच. चहा पिताना, एकदम. "मंदा, तिच्याशी भांडतेस. माझ्याशी का नाही भांडत?"

तिनं कप खाली ठेवला. "तिला कितीही बोला, काही होत नाही तिला. तुम्हाला झेपणार नाही."

"झेपेल."

"तुम्हाला बोलले, तर मग मी या घरात राहू कशी?"

उठून भांडी घासायला गेली. म्हणजे ठाऊक आहे तिला. शुक्रवार, सोमवार, सगळं ठाऊक आहे. दोन वर्षं माझ्या वाटणीच्या शिव्या त्या बिचाऱ्या नारळाला घालते आहे. आणि मी त्याच्यावर जळत होतो.

अजूनही जळतोच. कानबाईला तरी ऐकायला मिळतं. मला ऐकवण्याजोगंही समजत नाही मंदा.

८ ऑगस्ट, शुक्रवार

उद्या पौर्णिमा. रोट त्याआधी संपवावा लागतो. घरच्यांनीच खायचा, बाहेर द्यायचा नाही, टाकायचा तर नाहीच.

सकाळभर देवघरात आवाज नाही. मला चुकल्यासारखं झालं, काय सांगू. दोनदा डोकावून आलो. डब्याचं झाकण लावलेलं.

जेवायला बसलो. मंदाने फळीवरचं फडकं काढलं. रोट वाळून कडक झालेला. गुडघ्यावर धरून मोडला, अर्धा माझ्या ताटात, अर्धा स्वतःच्या. मला प्रसाद चालत नाही हे लग्नापासून ठाऊक आहे तिला. मी घास तोडला. चावेना. दुधात बुडवला.

तिनं खाल्लं नाही. मग बोलली. माझ्याशी, अहिराणीत.

"तुम्हीन सांगं व्हतं, सोमवारी देखू."

मी हो म्हणालो.

"मी सांगं व्हतं, आज लई जाऊ."

हो म्हणालो.

देवघराकडे नव्हती बघत. माझ्याकडे बघत होती. मग तिनं पदर कमरेला खोचला, कानबाईशी भांडताना खोचते तसा, ताट बाजूला सारलं, आणि मला झापायला लागली. पाऊण तास.