वरदाच्या देशाचा अभ्यास

१२ जानेवारी, रविवार, सकाळी ९
निर्णय झाला. स्वीडिश शिकणार. ॲप डाउनलोड केलं, ही नवी वही काढली, आणि दर बुधवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमधला क्लास लावला. वरदाला सांगायचं नाही. सरप्राइज.

कारण नोंदवून ठेवतो. माझी बायको वरदा सव्वा वर्षापूर्वी एका वर्षाच्या प्रोजेक्टवर स्वीडनला, योतेबोरीला गेली. (गोथेनबर्ग म्हणणारे अडाणी.) वर्ष संपलं, प्रोजेक्ट वाढला. परवा फोनवर म्हणाली, मी एडिनबराला परत येईन असं वाटत नाही. दुसरा एखादा नवरा खचला असता. मी डोकं चालवलं. सदाशिव पेठेतली मुलगी असं बोलत नाही, हा त्या देशाचा परिणाम आहे. तेव्हा आधी देश समजून घ्यायचा, म्हणजे वरदा आपोआप समजेल. जूनपर्यंत घरी.

२२ जानेवारी, बुधवार
पहिला क्लास. शिकवणाऱ्या मार्गरेटाबाई साठीच्या असतील, स्वभावाने गोड. सहा विद्यार्थी. पाच जणांचे जोडीदार स्वीडिश, माझी एकट्याची पुण्याची. बाईंनी विचारलं, मग स्वीडिश कशाला? म्हटलं, लाँग स्टोरी.

भाषा सोपी आहे. आजचे शब्द दहा. लक्षात तीन. थंडी फार होती.

५ फेब्रुवारी, बुधवार
मोठा शोध! स्वीडिश लोकांना शांतता खुपत नाही. दोघं जण तासभर गप्प बसू शकतात आणि कुणाचं काही बिनसलेलं नसतं. आणि वरदा फोनवर गप्प झाली की मी इकडे उगाच 'हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का' करत बसायचो. लाज वाटली. आज मीही गप्प बसलो. कॉल चौदा मिनिटं, त्यातली अकरा निवांत शांततेत. आमचं इतकं छान कधी जमलं नव्हतं.

२ मार्च, रविवार
नवा शब्द, 'सॅरबू'. एकमेकांवर प्रेम असलेली पण वेगवेगळ्या घरांत राहणारी जोडपी. तिकडे त्याला चक्क शब्द आहे, म्हणजे ते नॉर्मल आहे. आम्ही सॅरबू! मनावरचं ओझं उतरलं. लगेच पुण्याला आईला फोन करून समजावलं. आई म्हणाली, आपल्याकडेही त्याला शब्द आहे बाळा. मी विषय बदलला.

ॲप तीन दिवस उघडलं नाही. ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज होता.

३० मार्च, गुढीपाडवा
यश! वरदाला फोन केला. विचारलं, मे महिन्यात आठवडाभर तरी येशील ना? ती बोलली काहीच नाही, फक्त जोरात श्वास आत ओढला. मी जागेवर ओळखलं. बुधवारीच क्लासमध्ये झालं होतं, उत्तर स्वीडनमधले लोक 'हो' म्हणायला तोंडाने नुसता श्वास आत ओढतात. म्हणजे हो म्हणाली. आनंदाच्या भरात दोघांचं श्रीखंड एकट्यानं संपवलं.

२ एप्रिल, बुधवार
बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, योतेबोरी पश्चिमेला आहे, तिकडे तसं फारसं कुणी करत नाही. वरदाच्या ऑफिसात उत्तरेकडचं कुणीतरी असणारच.

२४ मे, शनिवार, दुपारी
वरदाऐवजी वरदाचं पार्सल आलं. माझा निळा स्वेटर, लग्नाचा फ्रेममधला फोटो, आईनं तिला दिलेली पैठणी. चिठ्ठी नाही. खोका दोनदा उलटा करून झटकला, लपवत नाही. मग आठवलं. स्वीडिश लोक जिवंतपणीच आपलं सामान कमी करत जातात, मागच्यांना आवरायचा त्रास नको म्हणून. त्याला स्वतंत्र नाव आहे, उच्चार अजून जमत नाही. कस्टम्सच्या फॉर्मवर तिनं लिहिलंय, 'वापरलेलं, किंमत शून्य.' ड्युटी लागू नये म्हणून. हुशार आहे माझी बायको.

पैठणी कपाटात तिच्याच कप्प्यात ठेवली. फोटो कुठे ठेवावा सुचेना, टेबलावर पालथा ठेवलाय.

२० जून, शुक्रवार
आज स्वीडिश लोकांचा मिडसमर, वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. क्लासची पिकनिक इथल्या मेडोज पार्कमध्ये. पाऊस. डोक्यावर फुलांचा मुकुट घालून उकडलेले बटाटे आणि आंबट मासा खाल्ला, मी, चित्पावन. सेल्फी वरदाला पाठवला. ब्लू टिक आल्या, उत्तर नाही. सण आहे, बिझी असेल.

११ जुलै, शुक्रवार
स्वीडनच्या कोर्टाचं पाकीट आलं. सोबत इंग्लिश भाषांतर होतं, ते बाजूला ठेवलं आणि मूळ वाचलं. ॲप एकदाही उघडावं लागलं नाही. सहा महिन्यांचा अभ्यास. पहिल्यांदाच सगळं समजलं.

वरदानं घटस्फोट मागितलाय.

मला दोन पर्याय आहेत. एक, मान्य. दोन, विचार करायला सहा महिने हवेत. किती समंजस देश आहे बघा, विचाराला वेळ देतात! मी दुसरा निवडणार. सहा महिन्यांत स्वीडिशची बी-वन लेव्हल गाठतो, मग समोरासमोर बसून बोलू.

१२ जुलै, शनिवार
फोन केला. सरप्राइज फोडलं. चार वाक्यं पाठ केली होती, एका दमात म्हटली. मी तुझी वाट बघतोय, तुझा देश मला आता कळतो, वगैरे. उच्चार चांगले झाले.

मग ती म्हणाली, "स्वानंद, मराठीत बोल. मला स्वीडिश येत नाही."

ऑफिस सगळं इंग्लिशमध्ये चालतं म्हणे. शेजारी एक केरळी, एक पोलिश. घरी वरणभात लावते, मासा तर वासानेही सहन होत नाही. मग मी सॅरबूचं सांगितलं, शांततेचं, पार्सलचं, पाडव्याच्या त्या श्वासाचं. सगळं ऐकून घेतलं तिनं. म्हणाली, तेव्हा रडू येत होतं, ते आवरत होते.

"यात स्वीडनचा काय संबंध रे? मी एडिनबरातही गप्पच असायचे. चार वर्षं. तुझ्या लक्षात आलं नाही."

मग म्हणाली, सहा महिने मागू नकोस, मी दमले आहे. इतक्या हळू म्हणाली की मला नाही म्हणता आलं नाही. फोन ठेवल्यावर किचनमध्ये उभ्या उभ्या रडलो. खूप रडलो. पुरुषासारखा पुरुष.

१६ जुलै, बुधवार
'मान्य'वर खूण केली. सही केली. पोस्टात टाकलं. क्लासला गेलो नाही.

वही चाळली. स्वीडिश लोकांना काय आवडतं, कधी गप्प बसतात, घर कसं ठेवतात, पानंच्या पानं भरलीत. वाटलं, एक पान वरदाचं असावं. बसलो लिहायला. चहात आलं लागतं. थंडीतही खिडकी उघडी ठेवून झोपते. तिचा फोन नेहमी दोन टक्क्यांवर असतो. स्वभावाने शांत.

तासभर बसलो, पुढे काही येईना. मग शेवटची ओळ खोडली. तीन राहिल्या.