लाल वहीत न गेलेलं स्वप्न

१२ जाने., सोम.

पहाटे स्वप्न पडलं. मेहरूण तलावाचं पाणी आमच्या गल्लीत आलेलं, घोट्याएवढं, कोमट. वर बोरं तरंगतायत. मी त्यातून चालत दुकानात निघालेय आणि कोणाला त्याचं काही नाही. दूधवाला पाण्यातूनच सायकल ढकलतोय.

जाग आल्या आल्या उठून बसले, केस घट्ट बांधले, डोक्यावरून पदर घेतला. मग आठवलं, कुठे सांगायला जायचं नाहीये. महाराजांचं सेवाघर सोडून दीड वर्ष झालं, पण अंगाला अजून कळलेलं नाही.

कोणाला सांगितलं नाही. दिवसभर पदराखाली काही चोरून आणल्यासारखं वाटत होतं. एक फॉल उलटा लावला, उसवून पुन्हा लावला. दुकानाच्या भाभी म्हणाल्या, "रेखाताई, आज आहात कुठे?" म्हटलं, पाण्यात. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

येताना ही वही घेतली. दोनशे पानी, वर फुलपाखरू. दुकानदार लाल दाखवत होता, म्हटलं नको बाबा.

१४ जाने., संक्रांत

भाभींकडे हळदीकुंकू. वाण म्हणून छोटा गोल आरसा मिळाला. बाकीच्या बायकांनी पर्समध्ये टाकला आणि गप्पांना लागल्या. मी बघतच बसले. सेवाघरात बायकांच्या बाजूला आरसा नव्हता, अकरा वर्षं. पुरुषांच्या बाजूला होता, दाढी करावी लागते ना त्यांना. भुवया माझ्या आईसारख्या झाल्यात. कधी झाल्या?

१८ जाने., रवि.

नशिराबादला मंगलाक्काकडे. सेवाघरात आम्ही दोघी एका चुलीवर होतो, ती माझ्याआधी वर्षभर बाहेर पडली. आता लेकीकडे असते. भरीत केलं होतं, कळण्याची भाकरी, वर तेल. जेवताना विषय निघालाच.

ती लाल वही. पहाटे पाचला, आंघोळीच्या आधी, आम्ही सगळ्या जणी ओळीत बसायचो. मो.ता. (मोठ्या ताई. पूर्ण लिहायला अजून हात धजत नाही) मांडीवर वही घेऊन बसायच्या आणि एकेकीनं रात्रीचं स्वप्न सांगायचं. बाईचं मन झोपेतच खरं बोलतं, असं महाराजांचं म्हणणं. पुरुषांनी प्रवचनं करायची, बायकांनी स्वप्नं द्यायची. त्यावरून मो.ता. ठरवणार कोणाची कामाची पाळी बदलायची, कोणाला माहेरची आसक्ती सुटत नाहीये, कोणाचं मन मळलंय. तीन दिवस स्वप्न नाही पडलं तर मन बंद झालं. मग नऊ दिवस मौन. पोटच्या पोरीशीही बोलायचं नाही.

मग काय, पडायचीच स्वप्नं. पांढरी गाय एका आठवड्यात चौघींना पडायची.

मी अक्काला म्हटलं, तुमचं ते नदीचं स्वप्न किती सुंदर होतं, महाराज पैलतीरावर उभे. ती भाकरी मोडता मोडता हसायलाच लागली. "बठ्ठं खोटं व्हतं, रेखा. माले कधी सपनच पडनं नही!"

म्हणजे सगळंच खोटं. इतकी हसली की ठसका लागला. मीही हसले. मग मला हसता येईना.

२५ जाने., रवि.

लिहूनच टाकते.

पल्लवी सतरा वर्षांची होती. बारावी बाहेरून देत होती, मी हातापाया पडून परवानगी मिळवली होती. परीक्षेला आठ दिवस. आणि मला स्वप्न पडेना. एक दिवस, दोन दिवस, तीन. चौथ्या पहाटे ओळीत बसले आणि कळलं की आता मौन लागणार. परीक्षेच्या दिवसांत पोरीशी बोलता येणार नाही, तिला डबा देता येणार नाही. माझ्या आधी दोघीच होत्या.

आणि मी बनवलं. म्हटलं, मला पल्लवी दिसली. महाराजांच्या चुलीपाशी उभी, हातात पितळी परात, आणि फुंकर न घालता चूल पेटली.

मला वाटलं कौतुक होईल, सोडतील. मो.ता. नी वही मिटली. वही मधेच मिटलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. दुसऱ्या दिवशी सभेत सांगितलं, ही मुलगी चुलीची आहे. परीक्षा नाही, लग्न नाही. महाराजांचं अन्न जन्मभर तिच्या हातचं.

बायका रडल्या आनंदानं. माझे पाय धरले. पल्लवी माझ्याकडे बघत होती, डोळे भरून, भाग्य उजळल्यासारखी. आणि मी हात जोडून उभी राहिले.

मी पोरीला माझ्या हातांनी त्या चुलीत घातली. बारावीसाठी खोटं बोलले आणि बारावीच गेली.

बाहेर पडले तेव्हा म्हटलं, चल. तर म्हणाली, "तुझ्याच स्वप्नात होते ना मी?" एकटीच बाहेर पडले. यांनीच आम्हाला तिथे नेलं होतं, आणि हे दोन वर्षांत कंटाळून सुरतेला निघून गेले. म्हणजे मला आधी नवऱ्यानं सोडलं, मग मी लेकीला. आता एकवीस वर्षांची आहे ती.

२९ जाने., गुरु.

रविवारी पौर्णिमा. सेवाघर सोडून गेलेल्या बायकांना पौर्णिमेला फाटकाजवळ भेट देतात, पंधरा मिनिटं, मो.ता. शेजारी बसणार. भाभींनी उरलेल्या मालातली एक सुती साडी दिली, फिकट जांभळी. तिथे चालते. पल्लवीसाठी फॉल लावला आणि आतल्या बाजूनं, दिसणार नाही असा, त्याच रंगाच्या दोऱ्यानं माझा मोबाईल नंबर भरला. आकडे भरणं अवघड. आठचा दोनदा शून्य झाला. शेवटी बोटानं चाचपून वाचता येतोय का पाहिलं. येतोय.

१ फेब्रु., रवि. माघी पौर्णिमा

पहाटेची एस.टी., एरंडोल, पारोळा, धुळे, तिथून रिक्षा. बसमध्ये वाक्य घोकत होते. "पल्लवी, ते स्वप्न मला पडलं नव्हतं." पारोळ्यापर्यंत पाठ झालं होतं.

निंबाखालचा तोच बाक. मधे मो.ता., जपमाळ घेऊन. पल्लवी आली. वाळलीय. उजव्या मनगटावर चटके, काही जुने, काही ताजे. मला "तुम्ही" म्हणते आता. तब्येत कशी आहे तुमची? गाडीला गर्दी होती का? मी पण पाहुण्यासारखी उत्तरं देत बसले. म्हणाली, आता दर गुरुवारी धुळ्याच्या बाजारात भाजी आणायला तीच जाते, आणखी एकीबरोबर. मेथी स्वस्त झालीय म्हणाली.

मेथीवर बोलता बोलता पंधरा मिनिटं संपली. वाक्य राहूनच गेलं. साडी दिली तेवढी. मो.ता. नी घडी उघडून झटकली, बघितली, परत दिली. मी उठताना म्हटलं, "फॉल उलटून बघ गं, कुठे सुटला असेल."

"बघते," म्हणाली.

२ फेब्रु.

भित्री. भित्री. भित्री.

६ फेब्रु., शुक्र.

काल गुरुवार. मोबाईल शिलाई मशीनच्या फळीवर ठेवला होता, दिवसभर. एक फोन आला, लोनवाल्याचा.

आजचं स्वप्न: केळीच्या बागेत मी आणि पल्लवी. ती पाच-सहा वर्षांची. पानांतून हिरवा उजेड येतोय, तिचे दातही हिरवे दिसतायत. ती म्हणते, मी लपते, तू शोधू नको. मी म्हणते बरं. आणि मी खरंच शोधत नाही, नुसती बसून राहते, फार बरं वाटतं. उठल्यावर उशी ओली होती, पण वाईट वाटत नव्हतं. स्वप्नात काय दोष निघतो ते शोधायला मन धावलं, त्याला म्हटलं बस खाली.

१९ फेब्रु., गुरु.

नाही. फॉल उलटून बघितलाच नसेल. कदाचित बघितला असेल.

२२ फेब्रु., रवि.

मंगलाक्का आली होती, लेकीच्या मुलांना मेहरूणला फिरवायला. तलावाच्या काठावर बसलो, पोरं पुढे पळाली. तिला सगळं सांगितलं. परीक्षा, चूल, परात. चार वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी.

तिनं पोरांना लांब जाऊ नका म्हणून हाक मारली. मग म्हणाली, "आणि आम्ही तुना पाय धरात." मला लाज वाटली. वाटलं उठून जाईल.

उठली नाही. म्हटलं, अक्का, तिला सांगितलं आणि तरी ती आली नाही तर? उलट तोंड बघायचं बंद केलं तर?

"ती येई का नही येई, ते तिनं काम शे. सांगानं ते तुनं काम शे." आणि पिशवीतून पेरू काढून दिला. "खाय आते. रडू नको."

पाण्यावर बगळे बसले होते, ऊन कलतं होतं. पेरू खाल्ला. गोड होता.

१ मार्च, रवि.

आज आरशासमोर बसून वाक्य म्हटलं. आवाज चिरकतो. पाण्याचा तांब्या शेजारी घेऊन म्हटलं. बरं जमलं.

३ मार्च, मंगळ. होळी पौर्णिमा

सांगितलं.

तोच बाक, त्याच मो.ता. पल्लवीच्या अंगावर जांभळी साडी. बसायच्या आधीच सुरुवात केली, नाहीतर मेथी निघाली असती. "पल्लवी, ते चुलीचं स्वप्न मला पडलं नव्हतं. मी बनवलं. मला मौन लागलं असतं, तुझी परीक्षा होती, म्हणून बनवलं. तू चुलीची नाहीस. तुला कोणी बोलावलं नव्हतं. मी खोटं बोलले."

मला वाटलं होतं आभाळ कोसळेल. मो.ता. नी माळेचा एक मणीसुद्धा चुकवला नाही. "खोटंसुद्धा महाराजच सुचवतात," म्हणाल्या, अगदी मायेनं. मला चीड आली. त्या मायेचीच जास्त.

पल्लवी माझ्याकडे बघत होती. तिनं विचारलं, "पितळी परात होती म्हणाला होतात. तीही?"

"तीही."

मान हलवली. उठली. दहा मिनिटं शिल्लक होती. फाटकातून आत गेली, वळून पाहिलं नाही. साडीचा काठ पायात येत होता, मी बघत राहिले दिसेपर्यंत.

येताना गावोगावी होळ्या रचलेल्या. बसमध्ये झोप लागली, जळगाव आल्यावर कंडक्टरनं उठवलं. स्वप्न नाही पडलं.

४ मार्च, धुळवड

घरीच. दार लावून. पोरं बाहेर ओरडतायत. कोणीतरी दारावर रंग मारून गेलं. पुसणार नाही.

१३ मार्च, शुक्र.

कालचा गुरुवारही गेला. ऊन तापायला लागलं. लग्नसराईचं काम आलंय, रोज पंधरा-वीस साड्या. भाभी म्हणतात घरी न्या थोड्या. नको म्हटलं. हात चालतात तोवर चालतात, मन त्या बाकावर बसलेलं असतं.

ती जर तिथेच राहिली, आणि आता तर माझ्या स्वप्नाचाही आधार काढून घेतला मी तिचा... चार वर्षं ती त्या एका खोट्यावर चटके सोसत होती. ते तरी होतं. हा विचार काही केल्या जात नाही.

१९ मार्च, गुरु. गुढीपाडवा

दुकानाला सुट्टी. कडुनिंबाची पानं आणि गूळ खाल्ला, एकटीनंच. गच्चीवर वाळवणाला चादर पसरत होते. फोन वाजला, नवा नंबर. उचलला तर आधी बाजारचा गोंगाट, कोणीतरी कोथिंबिरीचा भाव ओरडतंय.

"आई."

दीड वर्षानं आई म्हणाली.

"भाजीवालीचा फोन आहे, लवकर बोलते. माझ्याबरोबरची जया वांगी निवडतेय पलीकडे. आई, मला आज स्वप्न पडलं. पहाटे."

"हं."

"मी वहीत दिलं नाही. नाही पडलं म्हटलं. आज चौथा दिवस. रोज पडतंय आणि रोज नाही म्हणतेय."

"अगं, मग मौन..."

"लागलं. उद्यापासून, नऊ दिवस. म्हणून तर आज केला फोन." श्वास लागला होता तिला. "तुला कोणाला सांगायचं नसलं की कसं वाटतं, आई? मला चोरी केल्यासारखं वाटतंय."

म्हटलं, "वाटतं. मग कमी होतं." आणखी पुष्कळ सांगायचं होतं. ये म्हणायचं होतं. बसस्टँड तिथून दहा मिनिटांवर आहे, निघ, मी पारोळ्यापर्यंत येते. आणि त्याऐवजी जीभ जुन्या सवयीनं घसरली. विचारून बसले, "काय पडलं गं?"

कोथिंबीरवाला ओरडतोय.

"नाही सांगणार," म्हणाली. आणि हसली. लहानपणी दाराआड लपून हसायची तसं, नाकातून.

मग कोणीतरी "ताई, फोन द्या" म्हणालं आणि बंद झाला.

चादर अर्धी पसरलेली तशीच आहे. मी गच्चीवरच बसून लिहितेय, वारा पानं उलटतोय, आजूबाजूच्या घरांवर गुढ्या. नऊ दिवस बोलणार नाही ती. त्यानंतरचं माहीत नाही. परत फोन करून भाजीवालीला विचारावं का, कुठल्या दिशेनं गेली? नको.

पोरीच्या स्वप्नात काय आहे ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही.