पाचवा कप्पा

१४ मार्च २०२१, नायमेखन
या हिवाळ्यात हातांनी केलेलं: सायकल-शेडचं दार. ईराचं टेबल, ड्रॉवरसकट. दोन पोळपाट. आणि आज पुरा झालेला डबा. अक्रोडाचा, सहा कप्पे, सरकती झाकणं, खिळा एकही नाही. झाकण सरकवलं की वास, लावलं की काही नाही. कुणाकडे शिकलेलो नाही.
मेधाला दोन्ही सारखंच. जानेवारीत करोना झाला, ताप चार दिवसांत गेला, नाक गेलं ते गेलंच. फोडणी करपली की धूर बघून कळतं तिला.
हाऊसआर्ट्स, म्हणजे आमचा डच फॅमिली डॉक्टर, फोनवर म्हणाला, रोज दोनदा ओळखीचे वास हुंगा. म्हणून डबा. लवंग, लिंबाची साल, कॉफी, वाळा, हिंग, गुलाब. हिंग पाचवा.

२ मे
स. काही नाही. सं. काही नाही.
"मग हुंगतेस कशाला?"
"तुझ्या डब्याचा मान राखते."

१९ सप्टें.
खाली दक्षिणेला, समुद्राकाठच्या इस्ट्रियात डोंगरावर एक जुनं गाव आहे, मोटोवुन. खालच्या जंगलात ट्रफल निघतात. जमिनीखालचं भूछत्र, कुत्र्यांना वरून वास येतो. वेशीपासूनच दरवळतं म्हणे.
मेधा: "नाक नसलेल्या बाईला वास दाखवायला बाराशे किलोमीटर?"
ईरा (मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत): "आई, जस्ट गो. ही नीड्स इट."
मला कशाला नीड?

२६ ऑक्टो., मोटोवुन
समुद्राकाठच्या खोलीवरून सकाळी निघालो. दरी धुक्याने काठोकाठ, वर नुसतं गाव. खाली काही नाहीच. गाडी धुक्यात शिरली तेव्हा दिवे लावले.
दगडी चढ. वेशीत क्यूआर कोड, मास्क. एका म्हाताऱ्याच्या दुकानातून सुपारीएवढा ट्रफल घेतला. मला वास: ओली माती, लसूण, आणखी काहीतरी, शब्द नाही.
तटावर बसलो. कप्पा रिकामा हवा म्हणून हिंग कागदात काढला, ट्रफल ठेवला. मेधाने डोळे मिटले.
"हिंग."
मग, "पण ओला."
ईरा रडायलाच लागली. मीही

त्याच दिवशी, चहानंतर
चूक माझी. सात महिने पाचवा म्हणजे हिंग. डबा तिला पाठ आहे, हाताला कळतं कितवं झाकण ते. वर कोऱ्या लाकडात हिंग मुरलेला. दुसऱ्या कप्प्यात ठेवायचा होता. एवढी साधी गोष्ट!
पण 'ओला' कुठून आणलं?
विचारलं. म्हणाली, "परीक्षा पुरे रे. धुकं बघ, उतरतंय."
खरंच उतरत होतं. आधी एक घंटाघर, मग द्राक्षांचे मळे, मग नदी. कुणीतरी हळूच झाकण सरकवावं तसं.

३१ ऑक्टो., नायमेखन
स. कप्प्यांचा क्रम बदलायला बसलो. तिला न सांगता करायचं, म्हणजे सोक्षमोक्ष. झाकणाला हात लावला आणि तसाच ठेवून दिला.
सं. तिने चार कप्पे हुंगले, पाचव्यावर बोट ठेवलं. "हा उद्या." कालही हेच म्हणाली होती.
आमटीत हिंग आज बरोबर पडला होता. चमच्याने मोजून घालते हल्ली, त्यामुळे काही सिद्ध होत नाही.
जेवताना विचारत होती, तो दुकानवाला म्हातारा तटावर मागे मागे येऊन काय म्हणत होता. डबा मागत होता, ट्रफल ठेवायला, म्हटलं. चार वेळा झाकण सरकवून बघितलं त्याने. चारशे युरो देत होता. नाही म्हणालो.